१४ वर्षांचा लोखंडी कूलर: टाकी गळते, मोटर नुसती गुणगुणते. दुरुस्त करावा का नवीनच घ्यावा?

बोरीफाटा (जि. परभणी)

लोखंडी कूलर आहे, १४ वर्षांचा. सांगाडा अँगलचा, पत्रा जीआयचा (जस्त चढवलेला), तीन बाजूंना गवताचे पॅड, पुढं १८ इंची एक्झॉस्ट पंखा. टाकी आतून ३६ बाय ३० इंच, खोली १० इंच. पाणी बोअरचं, टीडीएसचा (पाण्यातल्या क्षारांचा) पेन १२०० च्या आसपास दाखवतो.

तक्रारी तीन आहेत. टाकीच्या तळाला मागच्या कोपऱ्यात पाझर आहे, एम-सील दोनदा लावून झालं, बाजूला नवीन भोक पडतं. पंखा चालू केला की गुणगुणतो, फिरत नाही. आणि बोट लागलं की कधीकधी बारीक झिणझिणी येते.

सांगितलेले भाव असे: टाकीला नवीन तळ १४००, मोटर भरून (तारेचं वाइंडिंग नव्यानं करून) ९००, पंप आणि तीन पॅड ७००. एकूण ३०००. याच मापाचा नवीन लोखंडी कूलर ७५००, प्लॅस्टिकचा ७० लिटरचा १०५००. दुरुस्ती नव्याच्या निम्म्याच्या आत असली की करून घ्यावी असं म्हणतात. त्या हिशेबानं दुरुस्ती परवडतेय. पण दरवर्षी काही ना काही निघतंच. नेमकं काय तपासून ठरवावं ते विचारतेय. रात्री लाइट गेली की कूलर इन्व्हर्टरवर टाकावा लागतो, बॅटरी १५० एएचची आहे, हेही धरा.


तांब्याची_तार (जालना)

ताई, मोटर जळली हे ठरवलं कुणी? गुणगुणणारी मोटर बहुधा जिवंत असते. जळालेली एक तर गप्प बसते, नसता एमसीबी पाडते, आणि जळक्या वॉर्निशचा वास नाकात बसतो.

आधी प्लग काढा आणि पातं हातानं फिरवा. दोन-चार फेरे सैल मारून हळूहळू थांबलं पाहिजे. जड वाटलं किंवा एका जागी अडकलं तर दोष बुश-बेअरिंगचा. सैल फिरतंय पण चालू केल्यावर सुरू होत नाही, तर प्लग लावून वाळक्या लाकडी काठीनं पात्याला जाळीतून धक्का द्या, हात बाहेर ठेवून. धक्क्यानं पंखा सुरू झाला आणि चालत राहिला तर बहुधा कंडेन्सर गेला. सिंगल फेजच्या मोटरला स्वतःहून उठायला दुसऱ्या वाइंडिंगचा टेकू लागतो, तो टेकू कंडेन्सर देतो.

कंडेन्सर घेताना जुन्यावरचा एमएफडीचा (मायक्रोफॅरडचा) आकडा बघून तोच घ्यायचा, व्होल्ट ४४० चे. पुष्कळ जण ४ च्या जागी ६ टाकतात, "जोर येईल" म्हणून. चार दिवस येतोही. त्या वाढीव करंटनं स्टार्टिंगचं वाइंडिंग तापतं आणि मग खरोखर मोटर भरायची वेळ येते.

आता बुश. पात्याच्या मध्याला धरून वर-खाली हलवून बघा. जरा जरी खडखड लागली तरी बुश घासलेत. रोटर (मोटरचा फिरता भाग) एका बाजूला झुकून भोवतीच्या कोअरला चिकटतो, मग गुणगुण येते आणि फिरत नाही. तुमच्या लक्षणांत हेही बसतं. बुशला हंगामाच्या सुरुवातीला शिवणयंत्राच्या तेलाचे तीन-चार थेंब पुरतात. खोबरेल किंवा गोडं तेल घालू नका, त्याचा डिंक होतो. एक्झॉस्टच्या मोटरला बहुतेक वेळा बेअरिंग असतं. नंबर त्यावरच कोरलेला असतो, ६२०२ झेडझेड असा काहीतरी. ते बंद बेअरिंग, त्याला तेल लागत नाही. आवाज आला की सरळ बदला.

संध्याकाळी व्होल्टेज किती येतं तेही मोजा. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबानं पडतो. २३० च्या जागी १८० आलं तर जोर ६१ टक्केच उरतो. सकाळी सुरू होणारा आणि संध्याकाळी गुणगुणणारा पंखा असेल तर दोष मोटरच्या बाहेर आहे.

एवढं करून वाइंडिंगच गेलेलं निघालं तर ९०० वाजवी. फक्त तीन गोष्टी आधी ठरवून घ्या: तार तांब्याची, वेढे आणि गेज जुनं मोजून तेवढंच, आणि वॉर्निश मारून भट्टीत वाळवलेलं. उन्हात अर्धा दिवस ठेवून दिलेली मोटर कूलरच्या ओलीत टिकत नाही. रेग्युलेटर तीन स्पीडचा असेल तर तीनही टॅप काढून द्यायला सांगा, नसता घाईत एकच स्पीड देऊन मोकळे होतात.


पत्रा_रिव्हेट (नांदेड)

मोटर, पंप, पॅड ही बदलायचीच सामानं आहेत, त्यांच्यावरून कूलरचं आयुष्य ठरवू नका. निम्म्या किमतीचा नियम फ्रिजसारख्या वस्तूला लागतो, जिथं कॉम्प्रेसर गेला की बाकीचं असून नसल्यासारखं. लोखंडी कूलर म्हणजे सांगाडा, टाकी, पंखा, पंप आणि पॅड अशा पाच वस्तू एकत्र उभ्या केलेल्या. यातला फक्त सांगाडा मेला तर कूलर मेला.

म्हणून तपासणी अशी करा. टाकी रिकामी करून गाळ खरवडून काढा, दोन दिवस कोरडी होऊ द्या. मग जुना स्क्रू-ड्रायव्हर घेऊन टोचत जा: सगळा तळ, चारी कोपरे, पाण्याची रेघ जिथं राहते तो पट्टा, आणि पॅडखालचा जो काठ कायम ठिबकत राहतो तो. टोक जिथं आत जातं किंवा पत्रा पापडासारखा कडकडतो तिथं खडूनं गोल करा. नंतर अँगलचे चारही पाय, तळापासून सहा इंचांपर्यंत, छोट्या हातोडीनं ठोका. घट्ट अँगलचा आवाज खणखणीत येतो, आतून गंजलेल्याचा भद्द.

तळ गेला, पाय चांगले: दुरुस्त करा. दोनपेक्षा जास्त पाय भद्द वाजले: भंगारात द्या, त्यावर एक रुपया घालू नका. भरलेल्या टाकीचं ओझं दीडशे किलोच्या घरात जातं आणि पाय बसला तर सगळं पाणी चालू पंख्याखाली.

एम-सील का टिकत नाही? कारण भोक हे गंजाचं शेवटचं टोक असतं, आजूबाजूला तळहाताएवढा पत्रा कागदासारखा झालेला असतो. तुम्ही एक बुजवता, शेजारचं उघडतं. १४ वर्षांच्या टाकीत पाझर एकाच ठिकाणी नसतो, फक्त पहिला एका ठिकाणी दिसतो.

नवीन तळ १४०० मध्ये कसा बसवणार ते विचारा. वेल्डिंग म्हणाले तर नको म्हणा. जीआयचं जस्त वेल्डिंगनं जळतं आणि पुढच्या वर्षी पहिला गंज त्याच शिवणीला येतो. पातळ पत्र्याला वेल्डिंगनं भोकं पडतात ती वेगळीच. जोड रिव्हेटचा हवा, दोन इंची अंतरावर, मध्ये सीलंट, किंवा चांगल्या हाताचा डाग (झाळण). पत्रा २२ गेज, म्हणजे साधारण ०.८ मिमी. २४ गेज ०.६३ च्या आसपास भरतं. तुमच्या पाण्याला ते लवकर संपेल.


मीटरचा_लुकलुक (लातूर)

वरचे दोघंही बरोबर आहेत, पण दोघांनी विजेच्या बिलाचं नाव काढलं नाही. १८ इंची एक्झॉस्ट म्हणजे बहुधा १४०० आरपीएमचा, चार पोलचा (पोल जास्त तेवढे फेरे कमी). तो कूलरसाठी बनलेलाच नसतो, गोदामातला धूर ओढायला बनतो. तो भरून घेणं म्हणजे ९०० रुपये देऊन जास्त बिल विकत घेणं.

खात्री करा. घरातलं सगळं बंद, फक्त कूलर चालू. मीटरवरचा लाल दिवा एका मिनिटात किती वेळा लुकलुकतो ते मोजा. मीटरवर एका युनिटला किती लुकलुक तो आकडा छापलेला असतो. ३२०० असेल तर मिनिटाच्या मोजणीला १८.७५ नं गुणा, वॅट मिळतात. आकडा वेगळा असेल तर ६०,००० ला त्या आकड्यानं भागून येईल त्यानं गुणा.

मोटर सहा पोलची, ९०० आरपीएमची घेतली तर काय होतं बघा. पंख्याची हवा फेऱ्यांच्या प्रमाणात कमी होते, पण लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात पडते. ९०० भागिले १४०० म्हणजे ०.६४. हवा ६४ टक्के उरली, ताकद २७ टक्क्यांवर आली. छोट्या मोटरची कार्यक्षमता जरा कमी धरली तरी ४०० वॅटच्या जागी १८० च्या आसपास येतं. आणि हवा कमी झाली म्हणजे गारवा तेवढा कमी झाला असं होत नाही: ती पॅडमधून हळू जाते, ओलीला जास्त वेळ चिकटते, जास्त थंड होऊन येते. अंगावर तुषार येणं थांबतं, आवाज निम्म्यावर येतो.

बॅटरीचं गणितही यातच सुटतं. १५० एएच (अँपिअर-तास) गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १८०० वॅट-तास. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नाही आणि इन्व्हर्टरही स्वतः खातो, म्हणून हाताशी १२०० धरा. ४०० च्या वर खाणारा कूलर तीन तासही चालणार नाही. २०० खाणारा सहा तास जातो.

मोटर बदलताना दोन चुका होतात. एक, शाफ्टची जाडी न मोजता मोटर आणणं. पात्याचं भोक व्हर्नियरनं मोजून न्या, बुशिंग घालून बसवलेलं पातं डुलतं आणि बेअरिंग खातं. दुसरी महाग पडते: १६ इंची पंख्याची स्वस्त मोटर १८ इंची जड पात्याला लावणं. ती फिरते, पण ओव्हरलोड राहते, आणि मे महिन्याच्या दुपारी जळते. बसवल्यावर क्लॅम्प मीटर लावा. १८० वॅटच्या मोटरला ०.८ ते ०.९ अँपिअर ठीक. त्याच्या बरंच वर गेलं तर पातं मोटरला झेपत नाही.


अर्थिंग_आधी

ताईंनी तिसरी तक्रार शेवटी आणि हळूच लिहिलीय. ती पहिली आहे. झिणझिणी थांबेपर्यंत बाकी सगळ्या चर्चेला अर्थ नाही, आणि तोवर हा कूलर वापरू नका. ओला हात, अनवाणी पाय, ओली फरशी. कूलरजवळ तिन्ही एकाच वेळी असतात. लेकरं तर जाळीलाच तोंड लावून उभी राहतात.

गळती कुठून येते ते एकेक सोडवून काढा. पंपाचा प्लग वेगळा करा, फक्त पंखा चालवा, टेस्टर लावा. मग उलट करा. बहुतेक वेळा पंप निघतो: वायर जिथं पंपात शिरते तिथलं सील क्षारानं फुगतं आणि फेज थेट टाकीच्या पाण्यात येतो. पंप दुरुस्त करत नसतात, आत सगळं ओतीव भरलेलं असतं. फेकून नवीन घ्या. दुसरी जागा म्हणजे पत्र्याच्या भोकातून आत जाणारी वायर. कडेला रबरी ग्रोमेट नसेल तर कंपनानं इन्सुलेशन कापलं जातं. तिसरी, मोटरचं वाइंडिंग ओल धरणं. ते टेस्टरवर सोडू नका. इलेक्ट्रिशियनकडून ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशनचा रोध मोजायचं यंत्र) मोजून घ्या, तेही कूलर तासभर चालवून, मग प्लग काढून, ओला असताना. एक मेगओमच्या खाली आली तर ती मोटर त्या कूलरमध्ये ठेवायची नाही.

तीन पिनचा सॉकेट दिसला म्हणजे अर्थिंग आहे असं समजू नका. जुन्या वायरिंगमध्ये तिसऱ्या भोकामागं कैकदा वायरच नसते. इलेक्ट्रिशियनला फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा जुना बल्ब लावून दाखवायला सांगा: फेज-न्यूट्रलवर जळतो तितकाच लख्ख जळला पाहिजे. मंद जळला तर अर्थिंगचा खड्डा वाळलाय. उन्हाळ्यात आपल्याकडं हे होतंच. काळ्या रानात मे महिन्यात भेगा पडतात, तिथं अर्थिंग तरी कुठून ओल धरणार. खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत राहा.

आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवा. अर्थिंग कच्चं असलं तरी माणसातून करंट गेला की तो पडतो. एमसीबी हे काम करत नाही, त्याला अँपिअरमधला करंट लागतो. माणूस मिलीअँपिअरमध्ये जातो. तो सतत पडतो म्हणून इलेक्ट्रिशियनकडून काढून टाकलेला पुष्कळ घरांत दिसेल. तो पडतोय म्हणजे गळती आहे.

प्लॅस्टिकचा घेतला तरी हे सुटत नाही. बॉडीला शॉक बसणार नाही, पण पंप फुटला तर पाणी तितकंच जिवंत असतं. पाणी भरताना बटण बंद करून चालत नाही, प्लग काढायचा.


बोरीफाटा

सगळं एकेक करून पाहिलं.

पातं सैल फिरतं, खडखड नाही. काठीनं धक्का दिला की पंखा सुरू होतो, म्हणजे कंडेन्सर. नवीन ४ चाच टाकला, आता पंखा उठतो. मिनिटाला २३ लुकलुक, मीटर ३२०० चं, पंप चालू धरून. झिणझिणी पंपाचीच होती, पंप फेकला. सॉकेटला अर्थची वायर नव्हती, ती ओढली, आरसीसीबी बसवला. मेगरवर मोटर ४ मेगओम आली, ओली असताना.

टाकीचं मात्र अवघड आहे. तळाला अकरा गोल झाले, बाजूंना वरच्या सहा इंचांत एकही नाही. पाय चारही खणखणीत. म्हणजे दुरुस्तीच. पण पंखा आता चालतोय तर मोटर बदलायची का? आणि १४०० रुपयांचा तळ या पाण्यात किती टिकेल?


मीटरचा_लुकलुक

२३ गुणिले १८.७५ म्हणजे ४३१ वॅट. नवीन मोटर आणि पंप मिळून २०० धरा. फरक २३१ वॅट. रोज १० तास, ९० दिवस म्हणजे ९०० तास, २०८ युनिट होतात. ८ रुपयांनी १६६४. आणि ही वरची युनिटं आहेत: महावितरणचे टप्पे १०० आणि ३०० ला बदलतात, कूलर चालू झाला की घराचं बिल पुढच्या टप्प्यात ढकलणारा बहुतेक तोच असतो. तेव्हा खरी बचत याहून जास्तच.

चांगली तांब्याची सहा पोलची मोटर दोन हजारांच्या आसपास मिळाली तर दीड हंगामात फिटते. यंदा हात आखडता असेल तर जुनीवर काढा, पण ती पुन्हा भरून घेऊ नका.


तांब्याची_तार

लुकलुकरावांचं मान्य. भरायची वेळ नाही आली हे बरंच झालं. एकच भर घालतो: ९०० आरपीएमच्या पंख्याची ओढ कमी असते. हवा ६४ टक्के, पण ओढण्याचा दाब ४१ टक्क्यांवर येतो. पॅड क्षारानं दगड झाले की १४०० चा पंखा तरी जबरदस्तीनं हवा ओढतो, ९०० चा गुदमरतो. म्हणून मोटर बदलली तर पॅडकडं दुर्लक्ष चालणार नाही.

जुनी एक्झॉस्ट भंगारात देऊ नका. ४ मेगओमची, तांब्याची मोटर आहे. स्वयंपाकघरात किंवा गोठ्यात धूर-वाफ काढायला चालते, तेच तिचं खरं काम.


पत्रा_रिव्हेट

अकरा गोल फक्त तळाला, बाजू घट्ट: मग नवीन तळाचेही पैसे वाचवा. तुमचं पाणी पत्र्याला लागूच देऊ नका.

शेततळ्याला अंथरतात तो ५०० मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद घ्या. शेततळं करणाऱ्यांकडं कडेचे तुकडे पडलेले असतात. ताडपत्री नको, ती विणलेली असते, घडीवर लवकर झिरपते. माप असं: लांबी ३६, दोन बाजूंची खोली २०, वर दुमडायला दोन्हीकडं तीन-तीन, एकूण ६२ इंच. रुंदी ३० अधिक २० अधिक ६, म्हणजे ५६. ६२ बाय ५६ चा अखंड तुकडा.

टाकीतला गंज वायर ब्रशनं काढा, पोचट पत्र्याची टोकं हातोडीनं खाली दाबा, कागदाला टोचेल असं काही ठेवू नका. रेड ऑक्साइडचे दोन हात, मधे एक रात्र. भोकांवर पत्र्याच्या चकत्या सीलंटनं चिकटवा. इथं पाणी अडवायचं नाही, कागदाला टेकू द्यायचाय. तळावर जुनी सतरंजी नको, ओल धरते; थर्माकोलची अर्ध्या इंची शीट घाला.

कागद उन्हात तासभर ठेवून मऊ करा आणि टाकीत बसवा. कोपरे कापायचे नाहीत. किराणा दुकानात पुडी बांधतात तशी कोपऱ्याची घडी घालून बाजूला चपटी करायची. वरचा काठ दुमडून अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीखाली दाबा, रिव्हेट पाण्याच्या रेघेच्या वर. रेघेच्या खाली एकही भोक नको: बॉलकॉक वरून सोडा, पाणी काढायला नळी लावून पंपानंच बाहेर टाका. टाकीचं जुनं ड्रेनचं भोक मात्र उघडंच ठेवा. कागद कुठं फाटला तर पाणी तिथून ठिबकतं, कळतं तरी. बंद ठेवलंत तर पाणी कागद आणि पत्र्याच्या मधे साचून गुपचूप तळ खाईल.

काही जण निळा ड्रम उभा कापून टाकीत ठेवतात. त्यात गोम अशी की पॅड तिन्ही कडांना, ठिबक कडेला पडते आणि ड्रम मधोमध. पाणी बाहेरच जातं. फायबरचं अस्तर चांगलं, पण हात बसलेला लागतो. आणि एक लक्षात असू द्या: हार्डनर आणि कोबाल्ट कधी एकमेकांत थेट मिसळत नसतात, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये ढवळायचं, मग हार्डनर.


क्षारमोजणी (बीड)

बोरीफाटा, तुमचे दरवर्षीचे खर्च पाण्यातून येतात. बेसाल्टमधलं बोअरचं पाणी, कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर.

१२०० टीडीएस म्हणजे लिटरमागं १.२ ग्रॅम क्षार. दुपारी बाहेर ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तेव्हा वेट बल्ब (पाणी उडवून हवा जास्तीत जास्त जिथवर गार होईल ते तापमान) २२ च्या आसपास येतो. चांगला ओला पॅड त्यातल्या फरकाचा पाऊण भाग गाठतो, म्हणजे कूलरमधून २७ अंशांची हवा. ताशी ३००० घनमीटर हवेला हे करायला तासाला २० लिटरच्या आसपास पाणी उडतं. ७० लिटरचा प्लॅस्टिक कूलर साडेतीन तासांत कोरडा, हेही त्यातूनच कळतं.

दिवसाला १५० लिटर उडालं तर १८० ग्रॅम क्षार मागं राहिला. ९० दिवसांत १६ किलो. पाणी उडतं, क्षार उडत नाही. तो पॅडवर, पंपात आणि टाकीत बसतो. बॉलकॉक लावून "भरत राहतंय, चिंता नाही" म्हणणाऱ्यांच्या टाकीत आठवड्याभरात खारं पाणी तयार होतं.

उपाय म्हणजे थोडं पाणी सोडून देणं. टाकीतलं पाणी मूळच्या चौपटीवर, ४८०० च्या वर जाऊ द्यायचं नाही असं धरलं तर उडणाऱ्या पाण्याच्या एक तृतीयांश, रोज ५० लिटर टाकावं लागतं. टँकरच्या दिवसांत हे ऐकायलाही कसंतरी वाटतं, पण ते वाया घालवायचं नाही: संडासात, अंगण धुवायला वापरा. झाडांना घालू नका, माती खारावते. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी करा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंखापर्यंत आठ-दहा दिवस लागतात, तो मधेच तुटतो.

पंप गाळात बसवू नका, दोन इंचांच्या कुंडीवर ठेवा आणि भोवती मच्छरदाणीचं कापड बांधा. १८ वॅटचा पंप पाच-सहा फूट उचलतो, तुम्हाला तेवढं पुरे. वरच्या पन्हाळीची भोकं काडीनं महिन्यातून एकदा मोकळी करा; पॅडवर कोरडा पट्टा राहिला की तिथून गरम हवा सरळ आत येते आणि माणूस म्हणतो कूलर म्हातारा झाला.


बोरीफाटा

कागद आणि नवीन पंप करतेय, मोटर सहा पोलची. शेवटचं: गवताच्या जागी हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारखे नळ्यांचे पॅड) बसवावेत का? दुकानदार चार इंची सांगतोय.


क्षारमोजणी (बीड)

तुमच्या पाण्यात नको. हनीकोंब नगरपालिकेच्या बऱ्या पाण्यावर दोन-तीन हंगाम काढतो, १२०० टीडीएसवर एका उन्हाळ्यात त्याच्या नळ्या बुजू शकतात, आणि तो गवताच्या कितीतरी पट महाग. शिवाय चार इंची जाडी ९०० च्या पंख्याला जड जाते. गवताचे पॅड दर हंगामाला दोनदा बदला, मार्चमध्ये आणि मेच्या पहिल्या आठवड्यात. दाबून भरलेले घेऊ नका. उजेडासमोर धरल्यावर बारीक बारीक ठिपके दिसले पाहिजेत.

पुढं कधी पाणी बदललं आणि हनीकोंब घेतलाच तर दोन इंची घ्या, आणि बसवताना नळ्यांचा जास्त उतरता कोन बाहेरच्या बाजूला खाली जाईल असा ठेवा. उलटा बसला तर पाणी पंख्याकडं येतं. क्षार काढायला सायट्रिक अ‍ॅसिड, लिटरला ५० ग्रॅम, पॅड बाहेर काढून वेगळ्या टबात. टाकीत ओतू नका, जीआयचं जस्त खातं.


पत्रा_रिव्हेट

जूनमध्ये पाऊस धरला की कूलर बंद करा. ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेला तो जेमतेम तीन अंश खाली आणतो, उलट घरात दमट कुबट होतं. त्याच दिवशी पॅड काढून टाका, कागदावरचा गाळ धुवा, पंप काढून कोरडा ठेवा, आणि पाय विटांवर घ्या. पत्रा चालू कूलरात जेवढा गंजतो त्याहून जास्त ओला गाळ ठेवून झाकलेल्या कूलरात, जून ते फेब्रुवारी गंजतो.


अर्थिंग_आधी

विटांवर घेतल्यावर अर्थची वायर परत नीट आवळली का ते बघा. हलवाहलवीत तोच स्क्रू पहिला सुटतो.